खोक्यातल्या हवेचं भाडं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलतानाची ‘ॲक्च्युअली’ आणि ‘म्हणजे बघ ना’ची गर्दी तेवढी कमी केली आहे, बाकी सगळं तसंच.

दिवाळीच्या महिनाभर आधी इन्स्टावर आकाशकंदील विकणाऱ्यांची रांग लागते. समजा तुम्हीही विकताय. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, झिरमिळ्या. मस्त मोठा कंदील, वजन जेमतेम ६०० ग्रॅम. नाशिकहून बेंगळुरूला पाठवायचाय. दबू नये म्हणून तुम्ही त्याला ४० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, ४० उंच अशा खोक्यात घालता. आणि कुरियरवाला बिल लावतो १३ किलोचं!

पहिल्यांदा वाटतं टायपो आहे. तसं नसतं. कुरियरवाला खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतो आणि बहुतेक ठिकाणी त्याला ५,००० ने भागतो. ४० गुणिले ४० गुणिले ४० म्हणजे ६४,०००. भागिले ५,००० म्हणजे १२.८. पुढच्या अर्ध्या किलोवर नेलं की १३ किलो. ह्याला म्हणतात व्हॉल्युमेट्रिक वेट. तराजूवरचं वजन आणि हे कागदावरचं वजन, दोन्हींपैकी जे जास्त त्याचे पैसे. समजा किलोला ६० रुपये दर असेल, तर ६०० ग्रॅमच्या कंदिलाला ७८० रुपये भाडं. कंदील ४०० चा!

आता तोच कंदील घडीचा केला. खोकं ४० गुणिले ४० गुणिले ४. गुणाकार ६,४००, भागाकार १.२८, बिल दीड किलोचं, ९० रुपये. कागद तोच, कामट्या त्याच, वजनही तेच. फक्त आतली हवा काढली.

बऱ्याच जणांना वाटतं की ही ऑनलाइन शॉपिंगच्या काळातली कुरियर कंपन्यांची नवीन युक्ती आहे. मुळीच नाही. वस्तूचं वजन मोजायचं की तिनं अडवलेली जागा, ह्यावरून माणसं काही शतकं भांडतायत. आणि त्या भांडणातला एक मोठा अंक आपल्याकडे घडलाय, कुलाब्यात आणि वऱ्हाडात.

टन म्हणजे पिंप

आधी एक शब्द बघू. टन. आपल्यासाठी टन म्हणजे वजन, १,००० किलो. पण हा शब्द आला वाइनच्या पिंपावरून. मध्ययुगात फ्रान्समधल्या बोर्दोहून इंग्लंडला जहाजं भरभरून वाइन जायची. मोठ्या पिंपाला इंग्रजीत ‘टन’ म्हणायचे. त्यात २५२ गॅलन मावायची, आजच्या हिशोबात साधारण ९५० लिटर. जहाज केवढं, ह्याचं उत्तर असायचं: किती पिंपं बसतात तेवढं. म्हणजे टन हे मुळात जागेचं माप. भरलेलं पिंप जवळपास तेवढ्याच वजनाचं भरायचं म्हणून पुढे वजनालाही तोच शब्द चिकटला. त्या एका शब्दात आजचा सगळा गोंधळ आधीपासूनच आहे.

कारण जहाज दोन तऱ्हांनी भरतं. लोखंड चढवलंत तर निम्मं पोट रिकामं असतानाच ते धोक्याच्या रेषेपर्यंत पाण्यात बसतं. कापूस चढवलात तर पोट छतापर्यंत गच्च, आणि जहाज मात्र पाण्यावर तरंगतंय बदकासारखं. खलाशांचा पगार, शिडं, विमा, प्रवासाचे महिने, दोन्ही वेळा खर्च जवळपास तोच. मग मालक कापसाकडून फक्त वजनाचे पैसे घेईल का? नाही घेणार. म्हणून रूढ झालं ते असं: वजनाने एक टन, किंवा मापाने ४० घनफूट, ज्यात भाडं जास्त मिळेल ते. आजही जहाजाने थोडासा माल पाठवायचा असेल, कंटेनर भरण्याइतका नसेल, तर १,००० किलो किंवा एक घनमीटर, जे जास्त भरेल त्यावर बिल होतं. कुरियरवाल्याचा ५,००० चा भागाकार हा ह्याच नियमाचा नातू.

आणि नियम केला की लोक त्याला वळसा घालतात, हेही तेवढंच जुनं. ब्रिटनमध्ये १७७३ च्या कायद्याने जहाजाचं टनेज मोजायचं एक सूत्र ठरवलं होतं. त्यात लांबी आणि रुंदी मोजायची. खोली मोजायचीच नाही, रुंदीच्या निम्मी धरायची. बंदराचे कर ह्या टनेजवर. मग मालकांनी काय करावं? जहाजं अरुंद आणि खोल बांधायला घेतली! कागदावर लहान, पोटात मोठी. ती हळू चालायची, वादळात बेभरवशाची असायची, पण कर वाचायचा. फुटपट्टीच्या एका चुकीपायी साठ वर्षं जहाजांचा आकार बिघडला आणि किंमत खलाशांनी मोजली. शेवटी १८५४ च्या कायद्यात जॉर्ज मूरसम ह्यांच्या पद्धतीने आतली जागा खरोखर मोजायला सुरुवात झाली, १०० घनफूट म्हणजे एक टन. हा आणखी एक टन. वजनाचा वेगळा, भाड्याचा वेगळा, नोंदणीचा वेगळा. डोकं धरू नका, पुढे कामाचं तेवढंच लक्षात ठेवू.

मुंबईचा कापूस आणि त्यातली हवा

आता मुंबईत या. एकोणिसाव्या शतकाची सुरुवात. गुजरात, काठेवाड, खानदेशातून कापूस मुंबईत येतोय आणि इथून जहाजाने चीनला आणि इंग्लंडला जातोय. किल्ल्यात, टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानात कापसाचे ढीग लागायचे. ह्या जागेला म्हणायचे कॉटन ग्रीन. १८४४ मध्ये ती कुलाब्याला हलवली आणि विसाव्या शतकात पुन्हा शिवडीकडे. हार्बर लाइनवर तुम्ही रोज ज्या कॉटन ग्रीन स्टेशनावरून जाता, तिथे हिरवळ का नाही, ह्याचं उत्तर हे.

कापसाची अडचण तुम्हाला गादीवाल्याकडे दिसली असेल. पिंजलेली रुई मूठभर वजनाची आणि खोलीभर पसरलेली. सरकी काढलेली मोकळी रुई तशीच जहाजात टाकली तर व्यापारी हवेचंच भाडं भरत बसणार, तेही आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जाणाऱ्या कित्येक महिन्यांच्या प्रवासाचं. हिशोब सोपा आहे. भाडं ४० घनफुटाला ठरलेलं. तेवढ्याच रुईची गाठ दाबून निम्मी केली, तर किलोमागचं भाडं निम्मं.

म्हणून मुंबईत रुई दाबायचा धंदा उभा राहिला. सुरुवातीची यंत्रं आट्यांची. एका मजबूत लाकडी पेटीत रुई टाकायची, माणसांनी आत उतरून पायाने तुडवायची, मग वरून भलामोठा आट्यांचा दांडा खाली उतरवायचा. तो फिरवायला आडवे दांडे, आणि त्या दांड्यांना जुंपलेली माणसं. उसाच्या चरकाभोवती बैल फिरतो तशी माणसं गोल फिरायची. दाबलेली गाठ दोराने आवळायची, नाहीतर सोडल्यावर ती पुन्हा फुगणार. पुढे दोरांच्या जागी लोखंडी पट्ट्या आल्या. आणि माणसांच्या जागी आलं पाणी: हायड्रॉलिक प्रेस. जोसेफ ब्रामा ह्यांनी इंग्लंडमध्ये १७९५ मध्ये पेटंट घेतलेलं तंत्र. लहान नळीत थोडा जोर लावायचा आणि मोठ्या नळीत प्रचंड दाब मिळवायचा, जेसीबीचा हात उचलतो तेच तत्त्व. कुलाब्यात अशा प्रेस ओळीने लागल्या, त्यांच्या कंपन्या निघाल्या, शेअर निघाले. १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, तिथला कापूस बंद पडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या काळातले प्रेमचंद रायचंद, बॅक बे आणि १८६५ चा शेअर बाजाराचा कोसळता मनोरा हे तुम्ही ऐकलं असेल, त्यात आज शिरत नाही.

गंमत अशी की दाबण्याच्या कामात आपण अमेरिकेच्या पुढे होतो. तिथल्या गाठी ढिल्या असायच्या. न्यू ऑर्लिन्ससारख्या बंदरांत तर ‘स्क्रूमेन’ नावाची कामगारांची खास जमात होती, जी जॅक लावून गाठी जहाजाच्या पोटात कोंबायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतले लोक आपल्या गबाळ्या गाठींची तुलना भारत आणि इजिप्तच्या घट्ट गाठींशी करून नाकं मुरडत होते. माझ्या मते कारण साधं आहे. मुंबईहून लिव्हरपूल लांब. जितका प्रवास लांब, तितकी हवा महाग, तितकं दाबणं परवडतं.

पण इथे एक गोम होती, आणि मला सगळ्यात रस त्यातच वाटतो. भाडं जागेवर लागत होतं आणि कापूस विकला जात होता वजनावर. ह्या दोन वाक्यांमध्ये पैसा लपलाय, सापडला का? गाठीत पाणी मारा, सरकी सोडा, माती टाका, दोन दगड टाका. गाठीचा आकार तेवढाच राहतो, म्हणजे भाडं तेवढंच. वजन वाढलं, म्हणजे किंमत वाढली. आणि एकदा का पट्ट्या आवळल्या की आतलं दिसतच नाही, गाठ उघडणार ती थेट लँकेशरच्या गिरणीत. तिकडे पश्चिम भारतातल्या सगळ्याच कापसाला ‘सुरत’ म्हणायचे आणि ह्या सुरतची ख्याती वाईट होती. मुंबई सरकारने १८२९ मध्ये भेसळीविरुद्ध नियम केला, १८६३ मध्ये पुन्हा कायदा केला. दोष बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या नावावर जायचा. शेत ते जहाज ह्यात सावकार, अडते, गाडीवान, दलाल असे कितीतरी हात होते, आणि भाव तर शेतकऱ्याच्या हातात कधीच नव्हता, पण दगड मात्र त्याचा!

खामगावची आठ मैलांची रेल्वे

आता वऱ्हाडात जाऊ. इथला कापूस रेल्वेच्या आधी बैलांच्या पाठीवर जायचा, आणि मुंबईला नाही, चक्क उत्तरेकडे मिर्झापूरला. बंजाऱ्यांचे तांडे पाठीवर गोण्या लादून शेकडो मैल चालायचे, पुढे गंगेतून होडीने कलकत्ता. वाटेत पाऊस, धूळ, चोरी. नंतर बैलगाड्यांनी मुंबईची वाट धरली. आणि १८५३ मध्ये बोरीबंदरहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचली.

प्रश्न सुटला? नाही. रेल्वेच्या वाघिणीचं दुखणं जहाजाचंच होतं. प्रेस होत्या मुंबईत. त्यामुळे वऱ्हाडातून कापूस निघायचा मोकळा किंवा अर्धवट दाबलेला. वाघीण छतापर्यंत भरायची तरी वजन फार थोडं. हंगामात वाघिणी कमी पडायच्या, स्टेशनांवर ढीग लागायचे, ठिणगी पडली तर आग. म्हणजे रेल्वे अर्धी हवा वाहत होती, आणि तो कापूस मुंबईत उतरवून पुन्हा दाबून मग जहाजावर जायचा.

त्या वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी हॅरी रिव्हेट-कार्नाक नावाचे कॉटन कमिशनर होते. हो, कापसासाठी स्वतंत्र कमिशनर! लँकेशरला कापूस स्वस्तात आणि स्वच्छ मिळावा हे त्यांचं काम. त्यांचा आग्रह होता की पूर्ण दाबणाऱ्या प्रेस वऱ्हाडातच बसवा. गाठ इथेच बांधली, की तीच गाठ वाघिणीतून मुंबई आणि मुंबईहून तशीच लिव्हरपूल. खामगाव ही तेव्हाची बलाढ्य कापूस बाजारपेठ. जलंब स्टेशनापासून खामगावपर्यंत आठेक मैलांचा फाटा टाकला गेला आणि १८७० मध्ये खुद्द व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. आठ मैलांसाठी व्हॉइसरॉय. कापसाचं वजन किती होतं ते ह्यावरून समजा, इथे वजन म्हणजे दुसरं वजन! तो फाटा अजून आहे.

खामगावात प्रेस चालवणाऱ्यांत एक स्विस कंपनी होती, वोल्कार्ट ब्रदर्स. १८५१ मध्ये एकाच वेळी विंटरटूर आणि मुंबईत सुरू झालेली. ओळखीचं वाटतंय का नाव? १९५४ मध्ये वोल्कार्ट आणि टाटांनी मिळून जी कंपनी काढली, ती व्होल्टास. तुमच्या भिंतीवरच्या एसीचं आडनाव खामगावच्या कापसापर्यंत जातं.

आता ह्या दाबण्याने कुणाचं काय झालं? रेल्वेचं भलं झालं, त्याच वाघिणीत जास्त कापूस. परदेशी कंपन्यांचं भलं झालं, त्यांचा माणूस खामगावात बसून खरेदी करू लागला. मुंबईतल्या मधल्या व्यापाऱ्याची मधली जागा आकसली. आणि वऱ्हाडातल्या सूत कातणाऱ्या घरांना शेजारच्या शेतातला कापूस आता लिव्हरपूलच्या भावाशी स्पर्धा करून घ्यावा लागला, कारण तारेने तिथला भाव इथे रोज कळत होता. शेतकऱ्याला रेल्वेमुळे गिऱ्हाईक जवळ आलं हे खरं. पण वाहतुकीत वाचलेले सगळे पैसे त्याच्यापर्यंत आले असते तर वऱ्हाडाचा पुढचा इतिहास वेगळा झाला असता. अकोला, अमरावती, यवतमाळ, हिंगणघाटच्या वाटेवर जिनिंग-प्रेसिंगची जुनी धुराडी दिसतात ना, ती ह्या हिशोबातून उभी राहिलेली. कापसाचा भाव आजही ‘खंडी’त सांगतात, ३५६ किलोची. ती जुनी मुंबईची ७८४ पौंडांची खंडी.

मोजणार कोण?

ह्याच काळात तिकडे इजिप्तमध्ये तोच वाद तोफांपर्यंत गेला. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबई-युरोप अंतर एकदम कमी झालं. कालव्याच्या सनदेत लिहिलं होतं, जहाजाच्या क्षमतेच्या दर टनाला जास्तीत जास्त १० फ्रँक. कुठला टन, ते लिहिलंच नव्हतं! सुरुवातीला कंपनीने जहाजाच्या कागदांवरचं निव्वळ टनेज धरलं, म्हणजे इंजिन आणि कोळशाची जागा वगळून. कंपनी तोट्यात चालली, तेव्हा फर्डिनांड द लेसेप्स ह्यांनी १८७२ मध्ये ठरवलं की यापुढे जहाजाची सगळी जागा मोजायची. एका रात्रीत त्याच जहाजाचं बिल वाढलं. दर तोच, १० फ्रँक, फुटपट्टी बदलली. जहाजवाले कोर्टात गेले, १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला देशोदेशीच्या प्रतिनिधींची परिषद भरली आणि तिने मापाची पद्धत ठरवून दिली. लेसेप्स मानेनात, कालवा बंद करतो म्हणाले. १८७४ मध्ये इजिप्तच्या खेदिवाने सैन्य पाठवल्यावर त्यांनी ऐकलं. सुएझचं टनेज मोजायची वेगळी पद्धत आजही चालू आहे.

तिकडे व्यापारी मात्र मापाच्या नियमात बसेल असा मालच घडवू लागले होते. ह्यात माझा आवडता माणूस मिखाएल थोनेट. ऑस्ट्रियन साम्राज्यातला फर्निचरवाला. वाफेवर लाकूड वाकवून त्याने १८५९ मध्ये १४ नंबरची खुर्ची काढली. सहा लाकडी तुकडे, थोडे स्क्रू, दोन नट. सुटी करून भरली तर एक घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या बसायच्या! जोडलेल्या खुर्च्या तेवढ्या जागेत किती बसतील, घरी करून बघा. ही खुर्ची जगभर गेली ती दिसायला सुंदर आहे म्हणून, पण परवडली ती ह्या पेटीमुळे. इराण्याच्या हॉटेलात वाकवलेल्या लाकडाच्या त्या काळपट खुर्च्या पाहिल्यात? त्या ह्याच घराण्यातल्या, युरोपातून आलेल्या. १९५६ मध्ये स्वीडनमध्ये आयकियाच्या गिलिस लुंडग्रेन ह्यांनी गाडीत मावेना म्हणून टेबलाचे पाय काढले, ती गोष्ट सगळे सांगतात. थोनेट त्याच्या ९७ वर्षं आधीचा.

आता उलटी बाजू बघा. फक्त वजन मोजलं आणि दर चुकला तर काय होतं? अमेरिकेत १ जानेवारी १९१३ ला टपालखात्याने पार्सल सेवा सुरू केली. लांबी आणि घेर मिळून ७२ इंचांची मर्यादा होती, पण दर वजनावर आणि अंतरावर. १९१६ मध्ये युटा राज्यातल्या व्हर्नल नावाच्या आडगावी एका व्यापाऱ्याला बँकेची इमारत बांधायची होती. सॉल्ट लेक सिटीहून विटा मालगाडीने आणण्यापेक्षा टपालाने स्वस्त पडत होत्या. मग काय, ५०-५० पौंडांची पार्सलं करून त्याने जवळपास ८०,००० विटा पोस्टाने मागवल्या! इमारत उभी राहिली, आजही आहे, आणि टपालखात्याने घाईघाईने नियम केला की एका माणसाने एका माणसाला दिवसाला २०० पौंडांपेक्षा जास्त पाठवायचं नाही. वीट म्हणजे कंदिलाच्या बरोबर उलट: आकार चिमुकला, वजन दणदणीत.

१९५६ मध्येच माल्कम मॅकलीनने ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला जहाज पाठवलं आणि जहाजाचं भाडं अख्ख्या पेटीवर लागू लागलं. आत काय आणि किती, ते तुमचं तुम्ही बघा. आपल्याकडे न्हावा शेवा १९८९ पासून तेच करतंय. त्यावर एक वेगळा भाग होईल, म्हणून इथे थांबतो.

विमानात तर जागा आणि वजन दोन्ही सोन्याच्या भावाचं, म्हणून तिथे व्हॉल्युमेट्रिकचा हिशोब आधीपासून पक्का होता. विमान कंपन्यांचा नेहमीचा भागाकार ६,००० चा. जमिनीवरच्या ट्रकला मात्र अमेरिकेतल्या मोठ्या कुरियर कंपन्या बराच काळ सूट देत होत्या. खोकं तीन घनफुटांपेक्षा मोठं असेल तरच माप. मग ऑनलाइन खरेदी वाढली. छोटा चार्जर, मोठं खोकं, बाकी फुगे आणि कागद. ट्रक भरलेले दिसायचे आणि आत हवा, अगदी १८६७ च्या वाघिणींसारखे. यूपीएसने २९ डिसेंबर २०१४ पासून आणि फेडेक्सने १ जानेवारी २०१५ पासून जमिनीवरच्या प्रत्येक पार्सलला मापाचा नियम लावला. डायपर, उशा, लॅम्पशेड विकणाऱ्यांची झोप उडाली.

तो भाजक म्हणजे नेमकं काय, तेही सांगून टाकतो. ५,००० ने भागणं म्हणजे एका घनमीटरला किमान २०० किलोचे पैसे मागणं. ६,००० ने भागलं तर सुमारे १६७ किलो. भाजक जितका लहान, तितकं बिल मोठं. त्यामुळे कंपनीला दर वाढवायची गरजच नसते. किलोचा दर तोच ठेवून ५,००० चे ४,५०० केले की झालं, लेसेप्स साहेबांसारखं. आपला तो १२.८ किलोचा कंदील १४.२ चा होतो.

मला विचाराल तर मापावर भाडं घेणं ह्यात अन्याय नाही. जागा अडवली तर जागेचे पैसे द्यावे लागणार, शेअर रिक्षात सुद्धा मोठी बॅग मांडीवर घ्या म्हणतात. अडचण येते ती मोजणारा एकटाच असतो तेव्हा. लहान विक्रेते आज ज्याला ‘वेट डिस्क्रेपन्सी’ म्हणतात ते हेच. तुम्ही घरी टेपने मोजून दीड किलोचे पैसे भरता. खोकं हबमध्ये जातं, तिथे यंत्र लेझरने मोजतं, वाटेत दबून फुगलेली बाजूही त्यात धरली जाते, आणि आठवड्याने तुमच्या वॉलेटमधून अडीच किलोचा फरक कापलेला दिसतो. ज्याचा कंदील ४०० रुपयांचा आणि नफा ८० रुपयांचा, त्याचा नफा त्या कपातीत गेला. सुएझला निदान परिषद तरी भरली होती.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करा. कुरियर ठरवताना किलोचा दर विचारता तसा भाजक विचारा आणि लेखी घ्या. माप पुढच्या सेंटिमीटरवर नेतात का, वजन अर्ध्या किलोवर नेतात की पूर्ण, तेही विचारा. खोकं बंद केल्यावर टेप लावून तिन्ही बाजूंचे फोटो काढा, लेबल दिसेल असे. कपातीवर हरकत घ्यायची मुदत थोड्याच दिवसांची असते आणि फोटोशिवाय ती फारशी चालत नाही. खोकं शक्यतो कडक घ्या, फुगणारं नको. आणि परदेशी फराळ पाठवणाऱ्यांनो, बेसनाचे लाडू वजनाने जातात, चिवडा मापाने. दोन्ही एकाच डब्यात नीट रचलेत तर लाडवांच्या मधल्या फटींत चिवडा फुकट जातो. फक्त पिशवीत घाला, नाहीतर तिकडे पोचेपर्यंत दोन्हींचा मिळून एकच पदार्थ झालेला असेल.

भेटू पुढच्या भागात.